तिर ल्लाद्रॉनचा दगड

ती इसा, रोसवेन
४ मार्च १९८७

इदवाल,

'प्रिय' वगैरे लिहीत नाही, समजून घे. फोन केला की तू रिसीव्हर बायकोच्या, मार्जरीच्या हातात देऊन बागेत पळतोस, म्हणून कागद घेतला. कागद तिच्याकडे सरकवता येणार नाही. तिला वेल्श वाचता येत नाही.

काल कर्नल विल्मट माझ्या दारात उभा होता. धावपट्टीच्या टोकाचा तो मोडका मनोरा विकत घेऊन, खिडक्यांना पडदे लावून राहायला आलेला इंग्लंडातल्या चेशायरचा पाहुणा. आयत्या बिळावर नागोबा. हातात छापील आमंत्रण. नऊ मे रोजी जुन्या हवाई तळावर स्मारकाचा दगड उभा राहणार. विमान चालवायला शिकता शिकता इथे मेलेल्या अकरा पोरांची नावं त्यावर. त्याला माझी ना नाही, हे आधीच सांगते. उलट फार उशीर झाला. शत्रूचं तोंडही न बघता, आमच्याच टेकड्यांवर आपटून मेली ती पोरं, आणि इतकी वर्षं त्यांची आठवण ठेवायला फक्त माझ्या मेंढ्या होत्या.

पण नावांच्या वर काय कोरणार आहेत ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. 'तिरलॅड्रन – वीरांची भूमी.'

मी विचारलं, "कर्नल, हा अर्थ तुम्हाला सांगितला कुणी?"

"तुमच्याच बंधूंनी, मिसेस पॅरी! हेडमास्तरसाहेबांनी. मूळ नाव म्हणे तिर देउरियॉन, वीरांची भूमी. लोकांच्या तोंडी झिजत झिजत तिरलॅड्रन झालं. किती सुंदर, नाही?"

"खोटं आहे," मी म्हटलं. "त्याचा अर्थ चोरांची जमीन."

तर हसला, इदवाल. लहान पोराकडे बघून हसतात तसा. म्हणाला, "गावगप्पा असतात हो अशा. पण तुमचे बंधू बी.ए. आहेत." हा मनुष्य दर हिवाळ्यात स्पेनला जाऊन पडतो. तिथेही चोराला जवळपास हेच म्हणतात, तरी याच्या कानात काही शिरलं नाही.

तू विसरलेला दिसतोस, म्हणून आठवण करून देते. एकेचाळीसच्या शरदात आपलं शेतघर ब्रिन एथिन रिकामं करायला आपल्याला पंधरा दिवस दिले. युद्ध संपेपर्यंतच घेतो, म्हणाले. घर धावपट्टीच्या रेषेत येत होतं म्हणून चुलीसकट पाडलं. शेवटच्या सकाळी तो साहेब आला, बरोबर गावचा पोलीस ह्यूस. तळाला नाव हवं होतं. रोसवेन चालेना, कारण तशाच नावाचा एक तळ दुसरीकडे होता आणि विमानं चुकायला नकोत. त्याने बाबांना विचारलं, "या जमिनीला काय म्हणतात?"

बाबा चॅपेलमध्ये पुढच्या मोठ्या बाकावर बसणारे. आयुष्यात कुत्र्यालासुद्धा वाकडा शब्द बोलले नाहीत आणि खोटं तर कधीच नाही. त्यांनी विचारलं, "आजपासून?" साहेब म्हणाला, "हो, आजपासून." बाबा म्हणाले, "तिर ल्लाद्रॉन." ह्यूसला खोकल्याची उबळ आली आणि तो स्वतःचे बूट बघत उभा राहिला. साहेबाने ते लिहून घेतलं, तेही चुकीचं. आपला ल्ल हे एक अक्षर आहे हे त्याला काय माहीत. इंग्रजीत दोन एल कशाला, म्हणून एक गाळला.

पुढे सगळं युद्धभर फाटकावर पाटी होती. अख्खं रोसवेन चॅपेलला जाताना तिच्यासमोरून तोंड दाबून जायचं. आणि नंतर दर वर्षी बाबा जमीन परत मागायचे आणि दर वर्षी लंडनहून उत्तर यायचं. वर जाड अक्षरात 'विषय : तिरलॅड्रन'. बाबा ते जेवणाच्या टेबलावर आपल्या भाषेत वाचून दाखवायचे. 'विषय, चोरांची जमीन. परत करता येत नाही.' तेवढ्यावर आई हसायची. त्या सगळ्या वर्षांत ती दुसऱ्या कशावर हसलेली मला आठवत नाही. शेवटी जमीन आपल्या तोंडाला पानं पुसून भलत्यालाच विकली, आणि बाबा या भाड्याच्या ती इसात, खालच्या घरात, वारले.

त्यांनी सरकारला दिलेलं एवढं एकच उत्तर आहे, इदवाल. ते तू फिरवलंस. आता कर्नलला लिही की अर्थ चुकीचा सांगितला. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. नाही लिहिलंस तर नऊ मेला सगळ्यांसमोर मी उभी राहून सांगेन.

लाउरी


श्रूजबरी
११ मार्च १९८७

प्रिय लाउरी,

तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला मुद्दाम काही दिवस जाऊ दिले. तुझाही राग तेवढ्यात थोडा खाली बसला असेल अशी आशा करतो.

कर्नल विल्मट मला वाईट मनुष्य वाटत नाही. त्याने त्या अकरा कुटुंबांचा शोध घेतला, जे आपल्यापैकी कुणी केलं नाही. भाऊबहिणी, भाचेपुतणे लांबून लांबून येणार आहेत. सगळे वयस्क. त्यांच्या माणसाच्या नावाच्या वर 'चोर' हा शब्द असावा का, एवढाच प्रश्न होता. त्याने मला अर्थ विचारला, मी एक निरुपद्रवी अर्थ दिला. कुणाचं काही बिघडलं नाही.

बाबांचा तो विनोद त्या काळी ठीक होता. तो जाणणारी माणसं आता गावात किती उरली आहेत? तू, टॉमोस, आणखी दोघंचौघं. तेवढ्यांसाठी परक्यांना दुखवायचं, हे मला पटत नाही. जुनी मढी उकरून काढायची हौस असेल तर दुसरी पुष्कळ आहेत.

मी कर्नलला काही लिहिणार नाही. त्या दिवशी दोन शब्द बोलायला त्याने मला बोलावलं आहे आणि मी येणार आहे. तूही ये, स्वच्छ कोट घालून, आणि शांत बस, ही विनंती.

मार्जरीचा संधिवात तसाच आहे. तुझी आठवण काढते.

आय. जी. रॉबर्ट्स


ती इसा, रोसवेन
१६ मार्च १९८७

इदवाल,

आधी स्वतःची सही बघ. सख्ख्या बहिणीला 'आय. जी. रॉबर्ट्स'. नशीब माझं, पुढे बी.ए. लिहिलं नाहीस. मी काय शाळेत दाखला मागायला आलेय?

मला पॅरी म्हणून फक्त तो कर्नल आणि पोस्टाचा नवा पोरगा ओळखतो. बाकी गावाला मी आजही लाउरी ब्रिन एथिन. घर काँक्रीटखाली गेलं, चूल गेली, नाव गेलं नाही. आणि तुला काय म्हणतात माहीत आहे? आपल्याकडे माणसाला त्याच्या शेताचं नाव लागतं. तुला लावायला शेत नाही, म्हणून तू 'इदवाल श्रूजबरी'. टॉमोस परवा दुकानात विचारत होता, "काय गं, इदवाल श्रूजबरी येणार का दगडाला?" मी मान खाली घालून बटाटे निवडत राहिले.

'विनोद' म्हणतोस. घर पाडताना बाबांच्या हातात कुऱ्हाड होती, ती त्यांनी उचलली नाही. ज्याने घर घेतलं त्याच्याशी ते सभ्यपणे बोलले आणि खरं बोलले. चोराला चोर म्हटलं, तेही चोराने विचारलं म्हणून. तुझ्यासारख्या सुशिक्षिताने त्याला विनोद म्हणावं? आणि वर चोरालाच वीर करून टाकावं! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण बोंब मारायला चोराने घरच्याच पोराला ठेवलेलं पहिल्यांदा बघतेय.

कर्नलने कुटुंबं शोधली, आपण नाही, म्हणतोस. कुठे शोधायची होती? आपल्याला त्यांचे पत्ते कुणी दिले होते? आपल्याला घरी येऊन ताक पिणारी पोरं माहीत होती. डेनिस पेल आठवतो का तुला? ग्रिम्सबीचा, लांब कानांचा. आई त्याला आपला ल्ल शिकवायची. जीभ दातांमागे टेकव आणि कडेने वारा सोड. बिचारा 'ल्लाएथ, ल्लाएथ' करत टेबलभर थुंकी उडवायचा आणि आई म्हणायची, "दूध मागतोयस की चूल विझवतोयस?" मी पंधराची होते. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं.

त्या पोरांच्या आड लपू नकोस. तुला त्यांची काही पडलेली नाही. तुला पडलीय ती चारचौघांत बाप शेतकरी होता आणि भांडखोर होता हे दिसेल याची. अकरा जणांपैकी एकाचा तरी चेहरा तुझ्या डोळ्यांपुढे येतो का?

लाउरी ब्रिन एथिन


श्रूजबरी
२० मार्च १९८७

लाउरी,

येतो. विचारलंस म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो.

त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत विमान गार्न टेकडीवर पडलं ते तुला माहीत आहे. तुला आईने घरात कोंडलं होतं. वर बाबा, मी आणि ह्यूस गेलो. ढग इतके खाली होते की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. असल्या दिवशी कुणी कुत्रं बाहेर काढत नाही, पण त्यांना उडवलं होतं, कारण वेळापत्रकात उड्डाण होतं. विमान तर दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं. शिकणाऱ्यांना काय, चालेल, अशी रीत होती. डेनिसला आम्ही मेंढवाड्याचं फाटक उचकटून त्यावरून खाली आणलं. चेहरा विचारतेस ना? चेहरा पूर्ण होता. कानसुद्धा. फक्त उरलेलं सगळं जड आणि चुकीच्या बाजूला वळलेलं होतं.

हे एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. तीन दिवसांनी त्याची शवपेटी स्टेशनवर न्यायला गाडी कमी पडली म्हणून आम्हाला बोलावलं. मी पायाकडून धरली होती. पेटीला सुतळीने लेबल बांधलं होतं, सामानाला बांधतात तसं. नाव, नंबर, जायचं ठिकाण ग्रिम्सबी. आणि कुठून, तर 'तिरलॅड्रन'.

मी अठराचाही नव्हतो. प्लॅटफॉर्मवर आगगाडीची वाट बघत उभा होतो आणि ते माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. चोरांच्या जमिनीवरून. त्या पोराने कुणाची जमीन चोरली होती, लाउरी? आपल्या घरचं ताक पिऊन आपल्या भाषेतला एक शब्द शिकत होता तो. बाबांनी दगड मारला लंडनला आणि तो लागला याला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आणि आता ऐक. बाबा माझ्यासमोरच होते. त्यांनी टोपी काढली आणि ते लेबल तळहाताखाली झाकलं. आगगाडी येऊन पेटी डब्यात चढेपर्यंत हात काढला नाही. एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. त्यानंतर कित्येक आठवडे ते फाटकाच्या रस्त्याने चॅपेलला गेले नाहीत, शेतांतून गेले. तुला वाटलं गुडघा दुखतोय.

मी बाबांची लाज लपवत नाही. बाबांनी जे केलं तेच करतोय. दगड मोठा आहे, माझा तळहात पुरणार नाही, म्हणून एक शब्द वापरला. याला तुला बोंब म्हणायचं असेल तर म्हण. 'इदवाल श्रूजबरी' हे टॉमोसने म्हटलं की तू, हे मला चांगलं कळतं.

इदवाल


ती इसा, रोसवेन
६ एप्रिल १९८७

इदवाल,

तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद चुलीत टाकला.

हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस याचा राग आधी. आईच्या दफनाला आलास, बाबांच्या दफनाला आलास, दोन्ही वेळा याच टेबलाशी चहा प्यायलास, आणि एकदाही बोलला नाहीस. मला काय परकी समजलास? बाबांचा गुडघा दुखतोय म्हणून मी रोज संध्याकाळी तो चोळून द्यायचे आणि ते चोळून घ्यायचे. त्यांनीही सांगितलं नाही. घरातल्या पुरुषांनी मिळून मला मूर्ख बनवलं.

दगड ज्याला लागू नये त्याला लागला, हे तुझं खरं आहे. त्याचाच मला संताप येतोय.

पण एक सांग. बाबांनी लेबल झाकलं. खोडलं का? त्यांच्या खिशात पेन्सिल कायम असायची, मेंढ्या टिपायला. त्यांनी त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. हात होता तोवर झाकलेलं राहिलं आणि हात काढल्यावर खरं तिथेच होतं. तू दगडावर खोटं कोरायला निघालायस. दगडावरून हात काढता येत नाही.

नऊ मेला ये. तुझ्या तोंडाने सांग. पत्रातलं सगळं सांग हवं तर, लेबलचंही. तू बोललास तर मी शेवटच्या बाकावर बसून तोंड उघडणार नाही. तू नाही बोललास तर मी बोलेन. मला सभेत बोलायची सवय नाही, लोक हसतील. हसू देत.

लाउरी


श्रूजबरी
५ मे १९८७

लाउरी,

मी येत नाही. मार्जरीचं निमित्त सांगत नाही, ती बरी आहे. मला येववत नाही एवढंच.

भाषण लिहून कर्नलला पाठवलं आहे. अर्थ त्यात आहे तसाच आहे. तुझा खोडण्याचा आणि झाकण्याचा मुद्दा मी महिनाभर वाचतोय. मुद्दा चांगला आहे, पण त्या पोराच्या घरचं माणूस पुढच्या रांगेत बसलेलं असेल तेव्हा तो किती टिकतो ते बघ. पेल नावाच्या बाई येणार आहेत, त्याची बहीण. कर्नलने कळवलं.

तिच्या तोंडावर तो शब्द उच्चारायची हिंमत तुझ्यात असेल तर खुशाल उच्चार. मी अडवायला येत नाही.

इदवाल


ती इसा, रोसवेन
१० मे १९८७

इदवाल,

सगळं सांगते. 

वारा इतका होता की तंबूचे दोर वाजत होते. धावपट्टीवर, नेमकं जिथे आपलं धुण्याचं अंगण होतं तिथे दगड उभा केलाय. वर निळं कापड. कर्नल छातीवर पदकं लावून. माझ्या दोन मेंढ्या कुंपणातून घुसून काँक्रीटवर ऊन खात बसल्या होत्या, त्यांना हाकलायला त्याने बिगुलवाल्याला पाठवलं. तेवढं एक बरं वाटलं.

कापड काढलं. 'तिरलॅड्रन – वीरांची भूमी'. खाली अकरा नावं. मग कर्नलने तुझं भाषण वाचलं. चांगलं लिहिलंयस. लोक डोळे पुसत होते. 'झिजलेल्या नावाखाली झाकलेलं शौर्य' वगैरे. 

मी उभी राहिले. कर्नल म्हणाला, "मिसेस पॅरी, काही विचारायचंय?" सगळ्या माना वळल्या.  मी म्हटलं, "नावाचा अर्थ." आणि पुढच्या रांगेत बसलेली बाई मागे वळली. तपकिरी टोपी, आणि टोपीखालून तेच कान, इदवाल. तेच लांब कान. तुझं लेबल माझ्या डोळ्यांपुढे लोंबायला लागलं. तोंड उघडं, आणि आतून काही येईना.

तू बरोबर होतास, हे लिहून देते. माझ्यात हिंमत नव्हती.

कर्नल म्हणाला, "अर्थ तर आता सांगितला." दोघंतिघं हसली. मी बसणार, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "बसू नका. बोला ना." मी मानेने नाही म्हटलं. ती काठी टेकून स्वतःच उठली. म्हणाली, "बरं, मग मीच सांगते. हे नाव चुकीचं लिहिलंय. तिर ल्लाद्रॉन आहे ते."

नीट वाच. ल्लाद्रॉन म्हणाली. लॅड्रन नाही. ग्रिम्सबीच्या मासेबाजारात जन्म काढलेल्या बाईच्या तोंडून आपला ल्ल, कडेने वारा सुटलेला, आईच्या ल्लसारखा. मागच्या बाकावर टॉमोसच्या हातून काठी पडली.

"आणि अर्थ चोरांची जमीन," ती म्हणाली. "वीरबीर काही नाही."

कर्नल म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही एका विद्वान हेडमास्तरांना..."

"तुमचा हेडमास्तर राहू द्या बाजूला. मला माझ्या भावाने सांगितलंय. शेवटच्या रजेवर आला तेव्हा एवढंच शिकून आला होता. सबंध जेवण होईपर्यंत ल्ल, ल्ल, ल्ल. टेबलभर थुंकी. आई फडकं घेऊन मागे. म्हणाला, खालच्या घरातल्या बाईंनी शिकवलंय. म्हणाला, तळावर सगळ्या पोरांना माहीत आहे, फक्त साहेब लोकांना माहीत नाही. पोरं रोज सकाळी रांगेत उभी राहून पाटी वाचायची आणि हसू दाबायची."

कळतंय का तुला? आई! दूध म्हणायला शिकवतेय असं मला दाखवून ती त्याला हे शिकवत होती. आणि आपण दोघं इतकी वर्षं कुणापासून काय लपवत बसलो होतो?

 ती पुढे बोलली. मोठ्याने नाही, पण सगळं ऐकू आलं.

"मग तो पेटीतून आला. पेटीला लेबल होतं, त्यावर हेच नाव. आमचा पाद्री आईला म्हणाला, हे काढून टाकू का? आई म्हणाली, हात लावायचा नाही. म्हणाली, सरकारने मला आजवर पाठवलेल्या कागदांत एवढा एकच खरा आहे. युद्ध संपेपर्यंतच नेतो म्हणाले होते. कुणी नेला, कुठून परत आला, सगळं बरोबर लिहिलंय." मग तिने काठीने दगडाकडे दाखवलं. "आई मरेपर्यंत म्हणायची, त्या गावात एक तरी खरं बोलणारा मनुष्य असला पाहिजे. त्याला भेटायला आले होते मी. आणि तुम्ही मला वीर दाखवताय!"

टॉमोस हसायला लागला. खो खो हसला आणि मग त्याला थांबवता येईना आणि तो रडायला लागला. कर्नल लालबुंद. समितीत विचार करावा लागेल, दगड कोरून झालाय, असं काहीतरी पुटपुटला. मिस पेल म्हणाली, "करा विचार. मी सोमवारपर्यंत इथेच आहे."

मी तिला घरी आणलं. आयव्ही नाव. ताक दिलं, त्याच टेबलाशी. बाबांचं सांगितलं, 'आजपासून?' विचारल्याचं. ती इतकी हसली की टोपी काढून ठेवावी लागली. मग मी तुझं सांगितलं. तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं, राग येऊ दे. स्टेशन, पेटी, आणि बाबांचा हात.

 ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "ते लेबल आईने बायबलमध्ये ठेवलं होतं. चुरगळलेलं होतं आणि गावाच्या नावावरची शाई पसरलेली. आम्हाला वाटायचं, पावसाने."

एवढंच. आता मला लिहवत नाही.

लाउरी


श्रूजबरी
१४ मे १९८७

लाउरी,

तुझं पत्र हातात घेऊन बागेत जाऊन बसलो. मार्जरी दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला सगळं वाचून दाखवलं, तिच्या भाषेत. तिने एकच विचारलं, "मला आजवर का नाही सांगितलंस?" तुझी 'घरातल्या पुरुषांची' तक्रार तू तिच्याकडून ऐकली असतीस तर खूश झाली असतीस.

कर्नलचं पत्र तुझ्यानंतर एक दिवसाने आलं. नावाच्या अर्थामध्ये चूक कशी झाली, असं त्याने विचारलंय. उत्तर टाकलं. लिहिलं, चूक झालेली नाही, मी खोटं सांगितलं. ते मी त्या पोरांसाठी केलं असं मला वाटत होतं, आणि पोरांना माझ्याहून जास्त माहीत होतं. माझ्या वडिलांचा शब्द त्यांना लागला नव्हता. तो त्यांचाही होता. हे शेवटचं वाक्य त्याला कळणार नाही, पण लिहिलं.

मिस पेलच्या मागणीवर त्याच पत्रात तो म्हणतो, दगड पुन्हा तासणं समितीला शक्य नाही. नियमांत बसत नाही. 'विनंती मान्य करता येत नाही.' अगदी याच शब्दांत, लाउरी. पत्रावर वर जाड अक्षरात विषयही लिहिलाय. मी तो बाबांसारखा मोठ्याने वाचला, आणि इतक्या वर्षांनी मला तसा संताप आला जसा तेव्हा यायला हवा होता.

तर आता ऐक. बाबांची छिन्नी तुझ्या गोठ्यात खिळ्याला टांगलेली असते. तिला धार लावून ठेव. हातोडा मी आणतो. शनिवारी दुपारच्या बसने येतोय. 'वीरांची भूमी' मी तासून काढणार, माझ्याच हाताने, कारण ते माझं आहे. आणि गाळलेला तो एल जिथे हवा होता तिथे बसवणार. जागा कमी आहे, थोडा दाटीवाटीने बसेल. टॉमोसला सांग कंदील धरायला ये, म्हणावं, काम रात्रीपर्यंत चालेल. आणि मिस पेलना कळव. मासळीच्या गाडीतून का होईना, त्यांनी परत यावं. त्यांच्याशी मला बोलायचंय.

कर्नल पोलिसाला बोलावणार, हे उघड आहे. बोलावू दे. पोलीस वही काढेल आणि पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की या जागेला काय म्हणतात. उत्तर मला पाठ आहे.

इदवाल ब्रिन एथिन